55 लिटरांचे गणित: घरातले आणि सांदवाडीतले पाणी नेमके जाते कुठे?

गावातल्या पाण्याच्या टाकीजवळ किंवा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर जलजीवन मिशनचा फलक आता बहुतेक ठिकाणी दिसतो आणि त्यावर 'दरडोई दररोज 55 लिटर' असा आकडा लिहिलेला असतो. 15 ऑगस्ट 2019 रोजी जाहीर झालेल्या या योजनेत ग्रामीण भागातल्या प्रत्येक घरी नळाने एवढे पाणी पोहोचवण्याचे उद्दिष्ट ठेवलेले आहे. विदर्भात उन्हाळा तापू लागला आणि नळ दर चार-आठ दिवसांनी येऊ लागला की हाच फलक गावाच्या थट्टेचा विषय होतो. त्याच सुमारास 'पाणी वाचवा' अशा सूचनाही सुरू होतात, आणि मग ज्या घरात मुळात दोन गुंड पाणी आहे त्या घराने वाचवायचे ते काय, असा रास्त प्रश्न लोक विचारतात.

या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी पाणी 'वापरणे' आणि पाणी 'गमावणे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजून घ्यावे लागते. पाणी वाचवण्याचे बहुतेक सल्ले या दोहोंत फरक करत नाहीत आणि म्हणून ते पटतही नाहीत. आंघोळीची बादली अर्धी करा असे सांगणारा माणूस दिवसभर चालणाऱ्या कूलरकडे बघतसुद्धा नाही, हे आपण पाहतोच.

55 लिटर म्हणजे नेमके किती?

पंधरा लिटरचा गुंड धरला तर 55 लिटर म्हणजे पावणेचार गुंड. पाच माणसांच्या घराला या हिशेबाने रोज 275 लिटर, म्हणजे अठराएक गुंड लागतात. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते, त्यामुळे नळ नसलेल्या घरातल्या बाईच्या डोक्यावरून रोज पावणेतीन क्विंटल ओझे जाते, हेही त्याच आकड्यात दडलेले आहे.

एका माणसाच्या 55 लिटरची ढोबळ वाटणी साधारण अशी होते: पिणे आणि स्वयंपाक 8, आंघोळ 18, कपडे 12, भांडी 7, शौचालय आणि हातपाय धुणे 8, फरशी व किरकोळ 2. घरोघरी यात थोडा फरक पडेल, पण यातले फार थोडे पाणी खरोखर 'संपते' ही गोष्ट बदलणार नाही. आंघोळ, कपडे आणि भांडी यांचे मिळून 37 लिटर पाणी मळके होऊन मोरीतून बाहेर पडते. ते नाहीसे झालेले नसते.

या 55 लिटरात सांदवाडीतली, म्हणजे परसबागेतली भाजी आणि कोठ्यातली (गोठ्यातली) जनावरे धरलेली नाहीत. हा आकडा माणसांपुरता आहे. उन्हाळ्यात एका बैलाला दिवसाला 40 ते 60 लिटर पाणी सहज लागते, त्यामुळे बैलजोडी असलेल्या घराची गरज फलकावरच्या हिशेबापेक्षा साधारण शंभर लिटरने अधिक असते. शेतकऱ्याच्या घरी पाणी का पुरत नाही, याचे एक साधे कारण हे आहे.

घरातून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या तीन वाटा

घरात आलेले पाणी शेवटी तीनच दिशांना जाते. काही वर जाते, म्हणजे वाफ होऊन हवेत मिसळते. याला बाष्पीभवन म्हणतात. काही आडवे जाते, म्हणजे नालीतून वाहत गावाबाहेरच्या डबक्यात किंवा नाल्यात पोहोचते. उरलेले खाली जाते, म्हणजे जमिनीत मुरते आणि पुढेमागे कोणाच्या तरी विहिरीत किंवा हापशीत परत येऊ शकते. अशा रीतीने भूजलात भर पडण्याला पुनर्भरण म्हणतात.

हे घरखर्चासारखे समजावे. गावातल्याच दुकानात दिलेले पैसे फिरून गावात येतात, बाहेरगावी गेलेले पैसे येत नाहीत. खाली गेलेले पाणी गावातच राहते. वर गेलेले पाणी ढग होऊन परत येईल खरे, पण ते आपल्याच गावावर आणि एप्रिलमध्येच पडेल याचा काही नेम नाही. आडवे गेलेले पाणी बहुतेक वेळा डबक्यात साचून डास पोसते आणि अखेर तेही वरच जाते.

म्हणून कोणत्याही सल्ल्याची पारख करताना 'किती लिटर वाचले' हे विचारावे, आणि त्याबरोबर 'ते पाणी कोणत्या वाटेने जाणार होते' हेही विचारावे. वरच्या वाटेचे पाणी अडवणे सर्वांत मोलाचे, आडव्या वाटेचे पाणी खाली वळवणे त्याच्या खालोखाल. खालच्या वाटेने स्वच्छ जाणाऱ्या पाण्यासाठी मात्र फार जीव काढण्याचे कारण नाही.

आपल्या पायाखालची टाकी लहान का आहे?

पश्चिम विदर्भाचा मोठा भाग काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्ट खडकावर वसलेला आहे. नदीकाठच्या रेतीत पाणी कापसाच्या गादीत मुरावे तसे सर्वत्र सामावते. काळा पाषाण मात्र विटांच्या रचलेल्या ढिगासारखा असतो: वीट स्वतः पाणी पीत नाही, पाणी फक्त विटांच्या सांधींमध्ये राहते. खडकाचा वरचा झिजलेला थर आणि खालच्या भेगा एवढीच त्याची साठवणूक. अशा झिजलेल्या थराच्या शंभर भागांतून उपसता येण्याजोगे पाणी ढोबळमानाने दोनच भाग मिळते.

हा 'शंभरातले दोन' आकडा फार महत्त्वाचा आहे. एक हेक्टर क्षेत्राखालची पातळी एक मीटरने उतरली, तर त्यातून आपल्या हाती दोन लाख लिटर पाणी लागते. उलटून पाहिले तर एका हेक्टरखालून रोज 10,000 लिटर, म्हणजे साधारण एक टँकर पाणी उपसले आणि बाजूने भर पडली नाही, तर पातळी रोज 5 सेंटिमीटरने खाली जाते. मार्चमध्ये भरलेली दिसणारी विहीर मे उजाडण्याआधी तळ का दाखवते, याचे कोडे इथे सुटते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशा चार वेळा मोजते, ते ही उतरण नजरेखाली ठेवण्यासाठीच.

पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाण पट्ट्यात गोष्ट आणखी वेगळी आहे. तिथे जमिनीखाली गाळाचा जाड थर आहे, पण त्यातले पाणी खारट आहे. विहीर भरलेली असली तरी घोट घेता येत नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे पाऊस अधिक आणि मामा (माजी मालगुजारी) तलावांची, बोड्यांची, म्हणजे लहान तळ्यांची जुनी सोय आहे, त्यामुळे तिथला हिशेब निराळा. 'विदर्भात पाणी वाचवण्याचे दहा उपाय' अशी एकच यादी सर्वत्र लावणे त्यामुळे चुकीचे ठरते.

'शेती एवढे पाणी पिते, घरच्या बादलीने काय होणार?'

हा आक्षेप खोटा नाही. एक एकर रानाला 5 सेंटिमीटरचे एक ओलीत दिले, तर दोन लाख लिटर पाणी लागते. पाच माणसांचे कुटुंब 55 लिटरांच्या हिशेबाने तेवढेच पाणी दोन वर्षांत वापरते. संत्र्याच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेल्या वरूड-मोर्शी भागात भूजल खोल का गेले, हे या तुलनेतून लक्षात येते. घरातल्या काटकसरीने ओलिताची भरपाई होईल असे सांगणारा माणूस एकतर भोळा आहे किंवा शेतीबद्दल बोलणे टाळतो आहे.

पण पिण्याच्या पाण्याची टंचाई एकूण पाण्याची नसते, ती एका ठरावीक विहिरीची आणि ठरावीक साठ दिवसांची असते. गावाची योजना एका विहिरीवर चालते. गावात दोनशे घरे आहेत आणि प्रत्येकाने एप्रिल-मेमध्ये रोज 50 लिटर पाणी कमी वापरले असे धरू. रोजचे 10,000 लिटर वाचले, साठ दिवसांत सहा लाख लिटर. ती विहीर पाच हेक्टरखालचे पाणी ओढत असेल, तर वरच्याच हिशेबाने पातळी 60 सेंटिमीटर, म्हणजे दोन फूट उंच राहील. मोटरचा फुटव्हॉल्व्ह पाण्यात आहे की हवेत, हे ज्यांनी मे महिन्यात विहिरीत वाकून पाहिले आहे, त्यांना दोन फुटांचे मोल सांगावे लागणार नाही.

सर्वांत मोठा लपलेला खर्च: कूलर

विदर्भातल्या घरात उन्हाळ्यात सर्वाधिक पाणी गमावणारी वस्तू कोणती, असे विचारले तर बहुतेक जण न्हाणी किंवा नळ सांगतील. माझ्या मते उत्तर कूलर हे आहे. एक लिटर पाणी उकळीपर्यंत आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या आठपट उष्णता तेवढ्याच पाण्याची वाफ होताना शोषली जाते. ही उष्णता खोलीतल्या हवेतून काढून घेतली जाते, म्हणून हवा गार होते. माठही याच नियमाने पाणी थंड करतो. कूलर म्हणजे पंखा लावलेला मोठा माठच. कूलरने पाणी 'प्यायले' नाही तर तो थंडावाही देणार नाही. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा 45 अंशांवर जातो तेव्हा कूलर बंद करा असे सांगणे क्रूरपणाचे होईल, आणि म्हाताऱ्या माणसांच्या व लहान मुलांच्या बाबतीत धोक्याचेही.

तरीही मोठ्या पत्र्याच्या कूलरला कडक उन्हात दिवसाला शंभर लिटरच्या आसपास पाणी लागू शकते, आणि ते सगळे वरच्या वाटेने जाते. म्हणजे घरात दोन माणसे वाढल्यासारखेच आहे. यात कपात करण्याची जागा थंडाव्यात नाही, उधळपट्टीत आहे. कूलरसमोरची खिडकी बंद असेल तर ओलसर हवा खोलीतच कोंडते, गारवा कमी होतो आणि पाणी मात्र जातच राहते, म्हणून समोरून हवा बाहेर पडण्यास वाट असावी. कूलरच्या पाठीवर दुपारचे ऊन पडत असेल तर तुराट्यांचा किंवा पऱ्हाटीचा आडोसा करावा. माणूस नसलेल्या खोलीत कूलर चालू ठेवू नये, हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते. टाकीतून किंवा वाळ्याच्या ताट्यांवरून बाहेर गळणारे पाणी थोडे वाटते. त्याखाली घमेले ठेवून संध्याकाळी मोजावे.

खारपाण पट्ट्यात कूलरच्या ताट्यांवर पांढरा थर जमतो, तो क्षारांचा असतो. वाफ शुद्ध पाण्याचीच होते, क्षार मागे राहतात आणि टाकीतले पाणी दिवसेंदिवस अधिक खारट होत जाते. असे उरलेले पाणी झाडांना घालू नये. ते शौचालयात वापरावे.

तोटी, शिळे पाणी आणि शुद्धीकरणाचे यंत्र

नळाला तोटी नसणे ही आपल्याकडची जुनी सवय आहे. अर्ध्या इंचाचा पूर्ण उघडा नळ मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी सोडतो. घरातली भांडी भरल्यावर दहा मिनिटे तो तसाच वाहिला तर शंभर लिटर नालीत जातात. 'ते जमिनीतच मुरते ना?' असे कोणी म्हणते. काळ्या मातीच्या गल्लीत ते मुरत नाही, साचते. शिवाय एका नळातून पाणी वाहत असते तेव्हा वाहिनीतला दाब उतरतो आणि शेवटच्या टोकाच्या घरांना थेंबही मिळत नाही. ही टोकाची घरे बहुधा कोणत्या वस्तीत असतात, हे गावात राहणाऱ्याला ठाऊक असते. ठिबकणाऱ्या तोटीबद्दल तर्क करण्यापेक्षा तिच्याखाली एक लिटरचा तांब्या ठेवावा. तो दोन तासांत भरला, तर दिवसाला बारा लिटर जातात. दहा-वीस रुपयांचा वायसर बदलून ते थांबते.

दुसरी सवय शिळे पाणी ओतून देण्याची. नळाला ताजे पाणी आले की जुने पाणी अंगणात फेकले जाते. झाकून ठेवलेले पाणी चार दिवसांत नासत नाही. त्यातला टीसीएल पावडरीचा, म्हणजे क्लोरीनचा अंश हळूहळू उडून जातो, एवढेच. पिण्यासाठी नवे पाणी घ्यावे, पण जुने पाणी कपडे, भांडी, जनावरे यांना निःशंकपणे चालते. आरोग्य कर्मचारी आठवड्यातून एकदा भांडी कोरडी करायला सांगतात ते मात्र योग्यच आहे, कारण डेंग्यू पसरवणाऱ्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत आठवडाभर पुरतो. या दोन गोष्टींत विरोध नाही. कोरडा दिवस नळाच्या पाळीच्या आदल्या दिवशी ठरवावा आणि त्या दिवशी धुणे काढावे. भांडी रिकामी होतात आणि पाणीही फेकावे लागत नाही.

पाणी शुद्ध करणारे आरओ यंत्र एक लिटर गोड पाण्यासाठी बहुधा दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकते. पाण्यातल्या विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत असेल तर भारतीय मानकानुसार ते पिण्यास योग्य पातळीत असते, आणि निव्वळ क्षारांच्या कारणासाठी तिथे हे यंत्र लावण्याची गरज नसते. खारपाण पट्ट्यात किंवा यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांसारखा फ्लोराइडचा त्रास असेल तिथे पाणी तपासून मगच निर्णय घ्यावा. यंत्राने बाहेर टाकलेले पाणी फरशीला आणि शौचालयाला चालते, वाफ्याला नाही.

काटकसर कुठे करू नये, हेही याच ठिकाणी सांगितले पाहिजे. पिण्याचे पाणी आणि साबणाने हात धुण्याचे पाणी यांना हात लावू नये. उन्हातान्हात राबणाऱ्या माणसाने तहान मारणे ही बचत नाही.

सांदवाडीतली भाजी: पाणी मुळाला की उन्हाला?

मे महिन्यात आपल्याकडे भाजीच्या वाफ्यातून दिवसाला साधारण 6 ते 8 मिलिमीटर पाणी उडते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे बरोबर एक लिटर, हे गणित लक्षात ठेवावे. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद वाफा सव्वानऊ चौरस मीटरचा होतो, म्हणजे त्याला रोज 55 ते 75 लिटर लागतात. शंभर चौरस फुटांचा वाफा उन्हाळ्यात एका माणसाएवढे पाणी पितो. हा आकडा कळल्यावर मोठी बाग कोमेजून घालवण्यापेक्षा लहान वाफा जगवणे परवडते, हे आपोआप पटते.

वाफ्यातले पाणी दोन रीतींनी उडते. झाड मुळांनी घेतलेल्या पाण्याच्या शंभर भागांपैकी पंच्याण्णवांहून अधिक भाग पानांतून हवेत सोडते. ते झाडाचे काम आहे आणि त्याला इलाज नाही. दुसरे पाणी उघड्या मातीतून उडते, आणि ते मात्र निव्वळ नुकसान आहे. समईच्या वातीतून तेल जसे वर चढते, तसे मातीच्या बारीक छिद्रांतून खालचे पाणी वर चढते आणि उन्हाने उडते. वरची दोन बोटे माती खुरप्याने मोकळी केली की ही वात तुटते. काळ्या मातीला भेगा पडल्या असतील तर त्याही बुजतात आणि भेगांतून खोलवर उडणारी ओल थांबते. डवरणी म्हणजे अर्धे पाणी, असे जुने शेतकरी म्हणत आले आहेत, त्यामागचे कारण हे आहे.

त्याहून चांगला उपाय आच्छादनाचा, म्हणजे माती पाल्यापाचोळ्याने झाकण्याचा. सोयाबीनचे किंवा तुरीचे कुटार चार बोटे जाड पसरावे असे पुस्तकात वाचायला बरे वाटते, पण जनावरांच्या तोंडचे कुटार बागेत घालण्याचा सल्ला मी देणार नाही. पावसाने काळे पडलेले कुटार, सागाची आणि पळसाची पाने, पूर्वेकडे धानाची खराब तणस, हे सगळे चालते. 'यामुळे उधई (वाळवी) लागते' ही तक्रार खरी आहे. त्यासाठी आच्छादन खोडापासून वीतभर दूर ठेवावे, सोबत थोडी निंबोळी पेंड टाकावी आणि महिन्यातून एकदा हलवून पाहावे.

आता पाणी देण्याच्या रीतीविषयी. आपल्याकडे 'वाफसा' हा एक नेमका शब्द आहे. मातीच्या छिद्रांत ओल आणि हवा दोन्ही असण्याच्या अवस्थेला वाफसा म्हणतात. मूठभर माती दाबली तर गोळा होतो, पण हाताला चिखल लागत नाही. रोज वरवर पाणी शिंपडले तर वरची दोन बोटेच ओली होतात, मुळे वरच राहतात आणि दुपारी सगळे उडून जाते. दोन-तीन दिवसांआड, सूर्योदयापूर्वी किंवा दिवस मावळल्यावर, मुळाशी सावकाश दिलेले पाणी खोल जाते आणि मुळे त्याच्यामागे खाली उतरतात. दुपारी पाने मलूल दिसली म्हणून लगेच पाणी घालण्याची घाई करू नये. संध्याकाळी ती पुन्हा ताठ झाली तर मातीत ओल आहे, झाड फक्त उन्हापासून अंग चोरत होते.

दोडके, कारली अशा वेलींसाठी मडका पुरण्याची जुनी पद्धत फार सुंदर आहे. रंग न दिलेला, म्हणजे वरून काही न चोपडलेला माठ गळ्यापर्यंत जमिनीत पुरावा, भोवती तीन-चार वेल लावावेत, माठ भरून तोंड झाकावे. माती कोरडी झाली की ती माठाच्या भिंतीतून पाणी ओढते, ओली असेल तर ओढत नाही; किती पाणी द्यायचे हे माती स्वतःच ठरवते. यासाठी घरातला जुना, पाणी थंड न करणारा माठ लोक वापरतात आणि मग वेल सुकले की पद्धतीला दोष देतात. ज्या माठाची छिद्रे क्षारांनी बुजल्यामुळे पाणी गार होत नाही, तो जमिनीत पुरला तरी पाझरणार कसा? नवा स्वस्त माठ घ्यावा, नाहीतर जुना घासून, पाणी भरून सावलीत ठेवावा आणि त्याला बाहेरून घाम येतो का ते आधी पाहावे.

'मोरीच्या पाण्यावर भाजी? किळस नाही का वाटत?'

पाच माणसांच्या घरातून आंघोळ, कपडे आणि भांडी यांचे रोज 185 लिटर पाणी बाहेर पडते, हे वर आलेच आहे. साबणाचे आणि तेलकट पाणी वगळून त्यातले निम्मेच धरले, तरी शंभर चौरस फुटांचा वाफा किंवा चार-पाच फळझाडे उन्हाळाभर जगतात. शौचालयाचे पाणी मात्र यात कधीही मिसळू नये.

किळस वाटणे स्वाभाविक आहे आणि त्यात तथ्यही आहे. म्हणून सांबार (कोथिंबीर), पालक, मुळा असल्या जमिनीलगतच्या किंवा कच्च्या खाण्याच्या भाज्यांना हे पाणी देऊ नये. केळी, पपई, शेवगा, गोडलिंब (कढीपत्ता), कर्दळ यांच्या मुळाशी, पाने आणि फळे न भिजवता ते द्यावे. धोप्याला, म्हणजे अळूला ओल फार आवडते, पण त्याची पानेच खायची असल्याने ती चांगली धुऊन आणि शिजवूनच घ्यावीत. मोरीचे पाणी आधी रेती आणि गिट्टीच्या लहान खड्ड्यातून जाऊ द्यावे, आणि ते साठवून ठेवू नये. एका दिवसात त्याला वास सुटतो. कपड्यांचे शेवटचे खंगाळलेले पाणी जवळजवळ स्वच्छ असते, ते शौचालयासाठी बादलीत ठेवावे. गावातल्या उताराच्या भांड्याच्या शौचालयाला दीड-दोन लिटर पाणी पुरते.

साबणात सोडियम असतो आणि तो मातीत साचला की काळी माती अधिकच चिवट व कडक होते. पाऊस बरा असलेल्या भागात पावसाळ्यात हा सोडियम बराचसा धुऊन जातो. खारपाण पट्ट्यातली माती आधीच सोडियमने त्रस्त आहे, तिथे हे पाणी बागेत न घालणेच बरे.

बागेला न लागणारे सांडपाणी शोषखड्ड्यात सोडावे. मराठवाड्यात 'नांदेड पॅटर्न' या नावाने गाजलेली पद्धत हीच आहे: साधारण चार फुटांचा खड्डा, मधोमध छिद्रे असलेली सिमेंटची टाकी, भोवती गोटे. 'आमच्याकडे काळी माती आहे, खड्डा तुंबतो' असे अनेकांनी अनुभवाने सांगितले आहे. तो तुंबतो, कारण तो काळ्या मातीतच संपलेला असतो. ओली झालेली काळी माती फुगते आणि स्वतःची छिद्रे बंद करते. खड्डा तिच्याखालच्या मुरमापर्यंत गेला पाहिजे, मग तो चार फुटांवर लागो की सातवर. मुरूम फारच खोल असेल तर शोषखड्ड्याचा हट्ट सोडून पाणी केळीच्या आळ्याकडे वळवावे. पिण्याच्या विहिरीपासून किंवा हापशीपासून हा खड्डा किमान पन्नास फूट दूर असावा.

टिनाच्या छपरावरचे शंभर दिवस

पश्चिम विदर्भाच्या बऱ्याच भागांत वर्षाला 700 ते 900 मिलिमीटर पाऊस पडतो. 750 धरू. 500 चौरस फुटांच्या टिनाच्या छपरावर त्या हिशेबाने सुमारे 35,000 लिटर पाणी पडते, आणि गळती-उडती वजा जाता 28,000 लिटर हाती येऊ शकते. 275 लिटर रोज या दराने पाच माणसांना ते शंभर दिवस पुरेल.

'एवढे पाणी ठेवायचे कुठे?' हा आक्षेप अगदी योग्य आहे. हजार लिटरच्या अठ्ठावीस टाक्या कोणाच्याही अंगणात मावणार नाहीत. शिवाय हे पाणी पावसाळ्यात येते, जेव्हा त्याची निकड नसते. खारपाण पट्ट्यात तरीही एक-दोन टाक्या भरून झाकून ठेवणे शहाणपणाचे आहे, कारण तिथे पावसाचे पाणी हेच घराजवळचे सर्वांत गोड पाणी असते आणि डाळ शिजवायला त्याचा मोठा उपयोग होतो. बाकी ठिकाणी ते जमिनीखालच्या टाकीत, म्हणजे स्वतःच्या विहिरीत किंवा बोअरशेजारच्या खड्ड्यात सोडणे सोपे. 'ते शेजाऱ्याच्या बोअरमध्ये गेले तर?' असेही विचारले जाते. काही प्रमाणात जाईल. खडकातल्या भेगा सातबारा पाहून वळत नाहीत. मात्र शेजाऱ्याच्या छपराचे पाणीही त्याच भेगांतून आपल्याकडे येते, म्हणून हे काम एका घरापेक्षा एका ओळीने केले तर त्याचा गुण अधिक दिसतो.

यात एक धोका आहे, तो लहान समजू नये. बोअरमध्ये सोडलेले पाणी मातीतून गाळले न जाता थेट खडकात पोहोचते. म्हणून फक्त छपराचेच पाणी घ्यावे. अंगणाचे, कोठ्याचे किंवा नालीचे पाणी त्यात कधीही येऊ देऊ नये. खड्ड्यात तळाशी मोठे गोटे, त्यावर गिट्टी आणि सर्वांत वर जाड रेती असे थर असावेत. पन्हाळीच्या नळीला खाली एक काढता येणारे तोंड ठेवावे आणि मृगाच्या पहिल्या दोन पावसांचे धूळ, पाला, पाखरांची घाण घेऊन येणारे पाणी बाहेर सोडून द्यावे.

खड्डा मे महिन्यात खणावा. त्या वेळी काळी माती भेगाळलेली असते, मुरूम कुठे लागतो ते डोळ्यांना दिसते आणि शेतीची कामे थांबलेली असल्याने घरातले दोन हात मोकळे असतात. वरची वीतभर रेती दरवर्षी वैशाखात काढून धुऊन परत भरावी लागते. हे काम दोन वर्षे राहिले तर रेतीवर गाळाची साय धरते, पाणी खड्ड्यात न उतरता कडेने वाहू लागते, आणि मग 'आम्हीही केले होते, काही उपयोग झाला नाही' असे सांगणाऱ्या घरांत आणखी एका घराची भर पडते.